सोसायटी ग्रुप: सभेतली चक्कर

बी-302: काल सभेत काका कोसळले तेव्हा चौघांनी बखोटीला धरून उभं केलं, मग खुर्चीत कोंबलं. अशा वेळी माणसाला आडवंच ठेवायचं असतं, किती वेळा सांगायचं?

सेक्रेटरी: ताई, मदतच केली सगळ्यांनी 🙏

सी-401 (डॉक्टर): मदत खरी, पण उलटी. उभं राहिलं की 500 ते 800 मिली रक्त पाय-पोटात उतरतं. हृदयात परतणारं रक्त घटलं की दर ठोक्याला बाहेर पडणारंही घटतं. एरवी शरीर ठोके वाढवून, रक्तवाहिन्या आवळून सावरतं. ते जमलं नाही की मेंदूचा पुरवठा तुटतो. आधी श्वास बघा. चालू असेल तर उताणं निजवून पाय फूटभर उचला.

ए-104: खुर्च्यांचं काय झालं?

डी-203: *फॉरवर्डेड* डाव्या कुशीवर झोपल्याने हृदय दबते!! सर्वांना पाठवा

सी-401: दादा, परत तेच? निरोगी माणसाला काही होत नाही. हृदय जरासं सरकतं, ईसीजीत किंचित फरक दिसतो. हृदय कमजोर असेल तर काहींना त्या कुशीवर दम लागतो, सपाट झोपल्यावर तर जास्तच. उशा वाढवाव्या लागत असतील तर डॉक्टरांना सांगा.

डी-203: मी फक्त पुढे पाठवलं. राग कशाला?

बी-302: काकांचं बीपी घरी नॉर्मल आलं म्हणे.

सी-401: बसून मोजलं असणार. 5 मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर दोष उभं राहण्यात आहे. प्रोस्टेटच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही असं होतं. गोळ्या परस्पर बंद करू नका.

ए-502: दंड हृदयाच्या पातळीला हवा. हात 10 सेंमी खाली राहिला तर आकडा 7-8 ने फुगतो. पायावर पाय नको.

सी-401: बरोबर. पण उभ्या उभ्या गरगरलं तर तेच करा: पायाला पाय अडकवून मांड्या आवळा, मुठी घट्ट. तरी अंधारी आली तर सरळ खाली बसा, लाजू नका.

डी-203: म्हणजे हिशोब वाचताना सगळ्यांना आडवं करायचं 😄

खजिनदार: निम्मे तसेही झोपलेलेच असतात.

ए-104: खुर्च्यांचं काय झालं?

सेक्रेटरी: खर्चाला सभेची मंजुरी लागते.

ए-104: ती सभा उभ्यानेच का?