उन्हाळ्याच्या दुपारी मॉलमध्ये नुसतं फिरायला जाण्यात वाईट काय आहे?

सातरस्ता (धागा)

काही विकत न घेता मॉलमध्ये हिंडणाऱ्यांवर आपल्या सोलापुरात फार तोंडसुख घेतलं जातं. 'रिकामटेकडे', 'एसी खायला आलेले', 'चार मजले फिरतील पण पाण्याची बाटलीसुद्धा घेणार नाहीत'. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३ च्या वर जातो. दुपारी बारा ते पाच या वेळात घराबाहेर पडलेल्या माणसानं टेकायचं कुठं? हॉटेलात चहा संपला की पोरगा फडकं घेऊन टेबलाशी उभा राहतो. बागेतल्या सिमेंटच्या बाकावर बसवत नाही. घरी थांबा म्हणावं, तर पूर्वभागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, कितीतरी घरांवर पत्रा आहे आणि भिंतीपलीकडं मागाचा खडखडाट. त्या घरातल्या माणसांना दोन तास गारव्यात काढावेसे वाटले तर त्यात लाज कसली?

मागच्या मे महिन्यात एका मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी एक आजी थबकल्या होत्या. एका हातानं लुगडं घोट्याच्या वर धरलेलं, दुसरा हात नातीच्या मुठीत. पायऱ्या एकामागून एक निघून चाललेल्या आणि आजींचा पाय काही उचलेना. नात तेलुगूत म्हणत होती, "मेल्लगा, मेल्लगा", म्हणजे हळूहळू. शेवटी दारावरचा गार्ड आला, त्यानं कोपराला धरलं आणि तिघं एकदम चढली. वर पोचल्यावर आजी जे हसल्या! नंतर तासाभरानं पाहिलं तर त्या एकट्याच वर-खाली करत होत्या. काही विकत घेतलं नाही त्यांनी. त्यांची दुपार वाया गेली, असं कोणी म्हणेल का?

चाटीगल्ली_गादीवाला

मी म्हणेन. आजींबद्दल नाही, तुमच्या मुद्द्याबद्दल.

तुम्ही नुसतं फिरायला जाता, पण मॉल नुसतं फिरायला बांधलेला नसतो. आज नुसतं फिरणारा पुढच्या महिन्यात पोराचा शर्ट तिथंच घेतो, दिवाळीचा बस्ताही तिथंच बांधतो. आमच्या कापडाच्या दुकानात दुपारी चारपर्यंत भवानी होत नाही असे दिवस येतात. दुकानात तीन माणसं कामाला, त्यांचा पगार मात्र एक तारखेला लागतोच.

आणि फिरण्याचंच म्हणाल तर नवी पेठेतून मधल्या मारुतीपर्यंत या, तिथून चाटी गल्लीत शिरा. आमच्या गादीवर बसा. आधी पाणी येईल, मग इरकल उघडली जाईल, मग दुसरी, मग दहावी. पदर खांद्यावर टाकून आरशात बघा, घडी मोडली म्हणून कोणी तोंड वाकडं करणार नाही. न घेता उठलात तरी 'या परत' म्हणूनच निरोप मिळेल. लग्नघरचं कापड आमच्या वडिलांनी अर्ध्या पैशावर दिलंय, बाकीचे सुगीला. मॉलमधली कुठली मशीन हे करेल?

सगळ्यात जास्त टोचतं ते असं की सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, नाव देशभर आहे, आणि आपल्याच गावातली पोरं मॉलच्या मांडणीवरची पानिपतची चादर सवलत बघून उचलतात.

होटगीरोडकर

गादीवाल्यांशी सहमत. थोडं मागचं सांगतो. बंदिस्त मॉल ज्यानं रूढ केला तो वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. नाझींमुळे १९३८ साली अमेरिकेत गेला. मिनियापोलिसजवळ एडिना इथं १९५६ मध्ये त्यानं साउथडेल उभं केलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत बारा महिने साधारण २४ अंश. त्याच्या आराखड्यात भोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग असं सगळं होतं. लोकांना गावच्या चौकासारखी जागा मिळावी, हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात उरली दुकानं आणि भोवती गाड्यांचं मैदान. म्हातारपणी त्यानं स्वतःच या मॉलवाल्यांपासून हात झटकले.

तेव्हा सातरस्ता, तुम्ही ज्याला सावली म्हणताय ती हिशेबानं दिलेली आहे. मोठी दुकानं दोन टोकांना ठेवतात, म्हणजे मधल्या सगळ्या दुकानांवरून तुम्हाला जावं लागतं. खिडकी नसते, घड्याळ नसतं. बाक मोजके, तेही बहुतेक खाण्याच्या मजल्यावर.

सातरस्ता

हिशेब असेल, पण मला आजींचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. त्यांनी त्या मालकाच्या हिशेबातून दोन तास गारवा काढून घेतला आणि पदरचा पैसा सोडला नाही. गादीवाले, तुमच्या गादीवर बसायला मला आवडतं, पण तिथं बसणारा गिऱ्हाईक असतो. दहा साड्या उघडायला लावून न घेता उठायला आमच्यासारख्याचा जीव होत नाही. मॉलमध्ये कोणाचं मन मोडत नाही, म्हणूनच तिथं मोकळं वाटतं.

पुण्यात_राहणारा_सोलापूरकर

"तिथं मोकळं वाटतं" हे तितकंसं खरं नाही. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ साली क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला तेव्हा गर्दी आवरायला त्यांनी काही काळ अट घातली होती: मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा. त्या काळी मोबाईल कोणाकडं होता? पुढं ती अट गेली, पण ती जागा खाजगी आहे हे तेव्हाच कळलं. आज आजींना गार्डनं हात दिला, उद्या 'विनाकारण बसू नये' अशी पाटी लावली तर कोणाकडं दाद मागणार?

दुसरा_मजला

मी मॉलमध्ये कपड्यांच्या विभागात काम करते, म्हणून लिहिते. तुम्ही सगळे फिरणाऱ्यांबद्दल बोलताय. आम्ही उभ्या असतो. सकाळी दहाला दार उघडतं तेव्हापासून जेवणाची सुट्टी सोडली तर पाय जमिनीवर. आमच्या मजल्यावर एकही स्टूल नाही. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, घड्या घालत राहायचं. संध्याकाळी चप्पल काढली की घोट्याभोवती पट्ट्याचा वळ दिसतो.

केरळमध्ये दुकानांतल्या बायकांनी यावरूनच आंदोलन केलं, आणि २०१८ मध्ये तिथं कायद्यात बसण्याची सोय घातली गेली. तमिळनाडूनं २०२१ मध्ये केली. आपल्याकडं कोणी हा विषय काढत नाही. फिरायला जरूर या, माझा विरोध नाही. तुम्ही असलात की दुपार तरी सरते. फक्त आमच्या बसण्याबद्दलही कधीतरी काउंटरवर विचारा. आम्ही विचारलं की आमची तोंडं लक्षात ठेवली जातात, तुम्ही विचारलंत की उत्तर मिळतं.

चाटीगल्ली_गादीवाला

ताई, हे वाचून वाईट वाटलं. आमची माणसं गादीवरच बसून माल दाखवतात, हे कधी वेगळं सांगावं असं वाटलंच नव्हतं.

पूर्वभागची_पोर

काय ओ, सगळे मॉल बरा की पेठ बरी असं विचारालेत, पोरी मॉलमध्ये का जातात ते कुणी विचारना. मी सांगते.

कॉलेज सुटल्यावर आम्ही चौघी-पाच जणी. सिद्धेश्वराच्या देवळात गेलं तर गार वाटतं, तळ्यावरचा वारा येतो, मला मनापासून आवडतं. पण देवळात मोठ्यानं हसता येत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात तर बोलायचंच नाही. पार्क चौकातल्या गाड्यांवर मजा संध्याकाळची, आणि तोवर घरून फोन सुरू होतात. रस्त्याकडेला थांबलं की दोन मोटरसायकली घिरट्या घालालेत म्हणून समजा. मॉलमध्ये दोन तास कोणी वळून बघत नाही. एकीनं आइस्क्रीम घेतलं की पाच चमचे.

आणि खरं कारण वेगळंच आहे. मॉलमध्ये बाथरूम आहे. स्वच्छ, फुकट, पाणी असलेलं. आई चाटी गल्लीत बस्ता बांधायला जाते तेव्हा सकाळपासून पाणी पीत नाही. गादीवर आलेला तांब्या हातानं बाजूला सारते. काका, तुम्हाला वाटत असेल तहान नाही. मावशीला शुगर आहे, ती तर पेठेत येणंच सोडून गेली. आता तीही मॉलमध्येच घेते.

होटगीरोडकर

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं तेव्हा आपण पेढे वाटले होते. पेठेतल्या बायकांच्या सोयीची मागणी तेव्हा कोणी लावून धरली, मला आठवत नाही. ही मागणी महापालिकेकडंच गेली पाहिजे, दुकानदारांच्या गळ्यात मारून चालणार नाही.

चाटीगल्ली_गादीवाला

महापालिकेकडं अर्ज जाईलच, पण तोवर बायका तहानलेल्या बसतात त्या माझ्या गादीवर. माझ्या दुकानामागं एक बाथरूम आहे, आम्ही आणि शेजारचे दोघं वापरतो. कुलूप असतं, किल्ली गल्ल्यात. कोणी मागितली तर नाही म्हटलेलं नाही.

पूर्वभागची_पोर

काका, मागितली तर म्हणजे कुणाकडं? गल्ल्यावर तुम्ही, शेजारी तुमचा मुलगा, समोर दुसरी गिऱ्हाइकं. आई मरेल पण मागणार नाही. कुलूप दुपारभर काढून ठेवा, आतून कडी नीट लागेल एवढं बघा, आणि बादलीत पाणी. दारावर मोठ्या अक्षरात 'महिलांसाठी' लिहा, तेलुगूतपण लिहा. मावशीला मी स्वतः घेऊन येते.

चाटीगल्ली_गादीवाला

कडी ढिली आहे, उद्या सुताराला बोलावतो. शेजारच्या दोघांशी रात्री बोलतो. तेलुगूत कसं लिहायचं ते तेवढं इथं टाका.