सायकलचोरीचा निकाल आणि तुरुंगवासाची शिक्षा

सी-२०१ : आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधील सायकलचोरीच्या खटल्यात गुन्हा सिद्ध होऊनही त्या वीस वर्षांच्या मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडण्यात आले, हे कळल्यावर मनाला लागले. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद देण्याचा अधिकार असताना ही न्यायालये तुरुंगात पाठवतात तरी कोणाला?

बी-३०४ : काका, आपला त्रागा मी समजू शकते, परंतु इतकी वर्षे फौजदारी वकिली करताना मी पाहत आले आहे की, किरकोळ गुन्ह्यांत दोषी ठरणे आणि तुरुंगात जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ (परिवीक्षा म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडणे) याच्या कलम ६ नुसार, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती एकवीस वर्षांखालील असेल, तर न्यायालयाला आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि तरीही कैदच द्यायची असेल, तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. म्हणजे न्यायाधीशांनी दया दाखवली असे नसून कायद्याने त्यांना हीच वाट आधी तपासायला लावली आहे. धनादेश न वटल्याच्या खटल्यांत तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असूनही मुख्य भर रक्कम वसूल होण्यावर असतो, आणि पुष्कळ प्रकरणे तडजोडीने मिटतात. घरफोडी किंवा वारंवार चोरी असेल, तर मात्र तुरुंगवास सहसा टळत नाही.

ए-५०२ : पण ताई, तो मुलगा अटकेनंतर काही महिने तुरुंगातच होता ना?

बी-३०४ : होय, आणि माझ्या मते खरी चिंता तिथेच आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांपैकी तीन, कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. ज्याला जामीनदार मिळत नाही तो तारखांमागून तारखा आत काढतो आणि निकालाच्या दिवशी भोगलेली कोठडी हीच शिक्षा ठरून बाहेर पडतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो त्याच गुन्ह्यात दंड भरून घरी जातो. हे मला अन्यायाचे वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने प्रथमच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला, कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर, जामिनाची वाट मोकळी केली; मात्र एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील, तर ती सवलत मिळत नाही.

सी-२०१ : म्हणजे आता त्याच्यावर कसलाच धाक राहिला नाही?

बी-३०४ : तसे नाही, काका. बंधपत्राची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते आणि त्या काळात अट मोडली, तर न्यायालय त्याला बोलावून मूळ चोरीसाठीच शिक्षा देऊ शकते. सायकलींच्या दुरुस्तीचा खर्च आपल्याच सभासदांना सोसावा लागला आहे, आणि परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे सोडतानाच भरपाईचा आदेश देता येतो. म्हणून सचिवांनी निकालाची प्रमाणित नक्कल मागवावी. भरपाईचा उल्लेख नसेल, तर सरकारी वकिलांकडे पुढील मार्गाची चौकशी मी स्वतः करीन.