आवाज बंद करून पाहिलेला वाद

उमेदवारांचा वाद आवाज बंद करून पाहिला, तर कोण सरस ठरले हे लवकर कळते, हे मत अनेकदा ऐकू येते, पण मला ते निम्मेच पटते. माझे मत अजून ठरलेले नसल्यामुळे कालची चर्चा मी इमानेइतबारे आवाजासकट पाहिली. तरीही करांविषयीचा नेमका प्रश्न येताच एका उमेदवाराला तहान लागली आणि दुसरे महाशय समोरच्या कोऱ्या कागदावर घाईघाईने काहीतरी खरडू लागले, एवढेच काय ते लक्षात राहिले. (त्या कागदावर काय होते हे दिसले असते, तर माझे मत कदाचित तिथेच ठरले असते.)

मात्र निव्वळ चित्रावर निकाल देण्याचा प्रयोग अमेरिकेत १९७६ मध्ये आपोआपच घडून गेला आहे. अध्यक्षपदाचे उमेदवार जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांच्या पहिल्याच वादात ध्वनियंत्रणा बंद पडली आणि ती दुरुस्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल २७ मिनिटे, दोघेही आपापल्या जागी, एकमेकांशी अवाक्षरही न बोलता, जवळजवळ निश्चल उभे राहिले. जरा टेकावे असे दोघांनाही वाटत असणार, पण तसे केल्यास आपण दुबळे दिसू या धास्तीने कोणीच पुढाकार घेतला नाही, अशा आशयाची कबुली फोर्ड यांनी पुढे दिली.