लँडस्पाउटला मराठीत काय म्हणावं?

द्राक्षमळा (निफाड): अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या लँडस्पाउटचा, म्हणजे जमिनीपासून ढगापर्यंत गरगरणाऱ्या हवेच्या खांबाचा, व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरतोय. खाली मराठीत ठोकून दिलंय, ‘भयानक चक्रीवादळ’. मला तर ती आपली नांगरटीत उठते तसली वावटळच वाटली, फक्त उंच. मग वावटळ म्हणायला काय हरकत?

भूगोलवाली (नाशिक रोड): चक्रीवादळ तर मुळीच नाही. त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा, जन्म समुद्रावर. ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्याला लागलेलं ‘निसर्ग’ आठवा, त्याचा पाऊस आपल्यापर्यंत आला होता. आपली बातमीदारी गरगर फिरणाऱ्या सगळ्याच वाऱ्याला चक्रीवादळ म्हणून मोकळी होते.

वावटळीचं म्हणाल, तर ती एप्रिल-मेच्या दुपारी, आभाळ कोरडं ठणठणीत असताना उठते. तापलेल्या वावरावरची हवा वर उसळते, गिरकी घेते, पाचोळा आणि खताची रिकामी गोणी उचलते आणि बांधापलीकडे विरते. तिचा ढगाशी संबंध नाही.

लँडस्पाउटला मात्र डोक्यावर वाढता ढग लागतोच. दोन दिशांचे वारे जिथे भिडतात, त्या रेषेवर जमिनीलगत हवेला आधीच पीळ पडलेला असतो. वर ढग फुगत असला की त्याचा वर जाणारा झोत हा पीळ ओढून घेतो. ताणला की तो बारीक होतो आणि वेग वाढतो. फिरत्या खुर्चीत पसरलेले हात पोटाशी घेऊन बघा. म्हणजे फिरकी खालून वर जाते. मोठ्या टोर्नेडोत आधी वरचं अख्खं वादळच फिरत असतं, इथे तसं नसतं. म्हणून लँडस्पाउट बहुधा सौम्य आणि काही मिनिटांचा, पण गणना टोर्नेडोतच. पत्र्याच्या शेडला तेवढा पुरे.

जुनी वही: विश्वकोशात टोर्नेडोला ‘घूर्णवाती वादळ’ आहे. शब्द चोख, पण पारावर कोण म्हणणार? हवामानशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्लूस्टीन यांनी १९८५ साली ‘लँडस्पाउट’ हे नाव वॉटरस्पाउटवरून, म्हणजे पाण्यावर उठणाऱ्या तसल्याच भोवऱ्यावरून पाडलं. वॉटरस्पाउटला आपल्याकडे ‘जलस्तंभ’ आहेच, मग ‘भूस्तंभ’ करा.

द्राक्षमळा: भूस्तंभ म्हटल्यावर मला सरकारी मोजणीचा दगड दिसतो. ‘ढगाची वावटळ’ कसं वाटतं?

भूगोलवाली: छान आहे, पण एक मेख आहे. वळवाच्या आधी ढगातून थंड वारा खाली आदळतो आणि पुढे धावतो. त्याच्या आघाडीवरही धुळीचे भोवरे उठतात. ढग जवळच असतो, पण भोवरा त्याला जोडलेला नसतो. त्याला गस्टनेडो म्हणतात. लोक त्यालाही ढगाचीच वावटळ म्हणतील.

द्राक्षमळा: मग ‘ढगजोड वावटळ’ म्हणू. जोड नसली तर नुसती वावटळ, आभाळ कसंही असो.

जुनी वही: ‘ढगजोड’ माझ्याकडून मंजूर. गस्टनेडोला वेगळा धागा काढा.