'झिंगाट' आपण नीट ऐकलंच नाही

मेडिकल चौक (धाग्याची सुरुवात):
परवा नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये भाच्याचं लग्न होतं. वरात फाटकाशी आली, धुमालवाल्यांनी (वरातीतलं कीबोर्ड अन् ढोल-ताशांचं पथक) 'झिंगाट' धरलं आणि शेजारी उभे असलेले आमचे मराठीचे जुने सर म्हणाले, "इतकी वर्षं झाली, अजून हाच गोंगाट. ह्याला काय प्रेमगीत म्हणायचं?" मला तिथे उत्तर देता आलं नाही. घरी येऊन हेडफोन लावून चार वेळा गाणं ऐकलं आणि आता ठामपणे सांगतो, हो, प्रेमगीतच म्हणायचं. 'सैराट'च्या चार गाण्यांतलं सगळ्यात खरं प्रेमगीत हेच आहे.

सिनेमा २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि तेव्हाच या गाण्यांची वाटणी ठरून गेली. जाणकारांनी 'याड लागलं' उचललं. त्यातली व्हायोलिनं, अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वादकांकडून करून घेतलेलं ध्वनिमुद्रण, यावर भरभरून बोललं गेलं. 'झिंगाट' वरातीला देऊन टाकलं. त्याच खेपेच्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'सैराट'च्या वाट्याला रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख आला, आणि पार्श्वगायनाचा मान 'कट्यार काळजात घुसली'साठी महेश काळेंना मिळाला. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. मूळ नाटकात गाणारे वसंतराव देशपांडे ज्या गावात वाढले तिथे राहून 'कट्यार'वर कोण रुसेल? पण ऐकायचं गाणं वेगळं आणि नाचायचं वेगळं, अशी रेघ आपण मारून ठेवली आहे आणि 'झिंगाट' त्या रेघेच्या पलीकडे पडलं.

शब्द बघा. छातीत धडधड होतेय, गालावर लाली आलीय, हे पोरगा स्वतःबद्दल सांगतोय. लाजायचं काम आपल्या गाण्यांत बहुतेक वेळा पोरीकडे असतं. पुढे प्रेमाला तो 'बाधा' म्हणतो. भुताखेताची होते तीच बाधा. आणि एका दमात 'अधीर' आणि 'बधीर' दोन्ही. अकरावीत असताना सीताबर्डीच्या बसस्टॉपवर ती आली की मला नेमकं हेच व्हायचं. जाऊन बोलावंसं वाटायचं आणि पाय हलायचे नाहीत. ही अवस्था दोन शब्दांत कोणी पकडली असेल तर मला ते गाणं लहान वाटत नाही.

आणि सिनेमात ते वाजतं कुठे? आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला, पाटलांच्या दारात. ज्या घरातून परशाला धोका आहे त्याच घरासमोर तो बेभान नाचतो, आणि त्याच समारंभात दोघं पकडले जातात. पुढे जे होतं ते माहीत असताना ते गाणं पाहा. माझ्या तर पोटात गोळा येतो.

धरमपेठ:
तुमचा बसस्टॉप मला पटला, गाणं नाही पटलं. तरुण प्रेमाचं गाणं म्हणाल तर सुरेश भटांचं 'तरुण आहे रात्र अजुनी' घ्या. 'मालवून टाक दीप' घ्या. अमरावतीला जन्मलेला आणि नागपुरात शेवटचा श्वास घेतलेला आपला कवी. हृदयनाथांची चाल, एकात आशाबाई, दुसऱ्यात लताबाई. त्यात शरीराची ओढ 'झिंगाट'पेक्षा कितीतरी धीट आहे, पण ओरडून सांगितलेली नाही. शब्दांना थांबायला जागा दिली आहे. 'झिंगाट'मध्ये 'अधीर, बधीर' तुम्हाला चार वेळा हेडफोन लावल्यावर सापडलं. जे शब्द चाल ऐकूच देत नाही त्यांचं श्रेय गाण्याला कसं द्यायचं?

आणखी एक. २०१८ ला 'सैराट'च्या हिंदी रिमेकमध्ये, 'धडक'मध्ये, ह्याच चालीवर हिंदी शब्द बसवले. पोरगा करमाळ्याचा उदयपूरचा झाला. नाचणाऱ्यांच्या पायांत काही फरक पडला का? मग शब्दांचं मोठेपण कुठे राहिलं?

मेडिकल चौक:
काका, भटांसमोर मी हात जोडतो. पण त्या दोन्ही गाण्यांतली माणसं एका खोलीत आहेत, रात्र त्यांची आहे, दिवा मालवणं त्यांच्या हातात आहे. परशाकडे खोलीच नाही. त्याला जे सांगायचं ते चारचौघांत, ढोलाच्या आडून सांगावं लागतं. त्याच्याकडून कुजबुज कशी मागायची?

हिंदीचं म्हणाल तर आमच्याकडे हिंदी लावलं तरी पोरं वरून मराठीच ओरडतात. बुंगाट, चिंगाट, तराट हे 'ट'वर आपटणारे शब्दच पायांना ताल देतात. आपल्याकडे सुसाट, भन्नाट आहेतच, त्याच घरातले.

प्रतापनगर:
दादा, तुम्ही गालावरच्या लालीवर थांबलात. पुढचं सोडून दिलंत. तुझ्यासाठी मजनू होऊन मागे आलो, तुझ्या घरात आलो, आणि माझ्या लेकराची आई कधी होणार? हे तिने विचारलेलं नाही, तिला विचारलेलंही नाही. आख्ख्या गाण्यात तिचा एक शब्द नाही.

कॉलेजला असताना गॅदरिंगच्या रात्री एका पोट्ट्याने हेच गाणं लावून माझ्याभोवती मित्रांचं कडं केलं होतं. मला बाहेर पडायला जागा नव्हती. सगळे टाळ्या वाजवत होते कारण गाणं हिट होतं. मी हसत उभी राहिले, आणि त्या हसण्याची मला अजून चीड येते. त्या दिवसापासून ते सुरू झालं की मी भिंतीकडे सरकते. तुम्ही म्हणता नीट ऐकलं नाही. मी फार नीट ऐकलं आहे.

मेडिकल चौक:
ताई, तुमचं वाचून थांबलो. ते शब्द मी टाळले हे खरं आहे. एवढंच म्हणेन की सिनेमात आर्ची बिचारी नाही. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आधी रोखून बघते ती, आणि ह्या गाण्यावर ती स्वतःही नाचते.

प्रतापनगर:
सिनेमात आर्ची आहे, मान्य. त्या गॅदरिंगला नव्हती. वरातीतही नसते. गाणं सिनेमातून सुटून एकटंच गावात आलं आणि त्याचा अर्थ आता गावात ठरतो. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी काय दाखवलं हा बचाव माझ्याभोवती कडं करणाऱ्या पोट्ट्याला लागू होत नाही.

इंदोरा:
ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, ते बाजूला ठेवून सरांच्या 'गोंगाट' शब्दावर बोलतो. हा शब्द कोणाच्या नाचाला लागतो ते बघा. आमच्याकडे चौदा एप्रिलला मिरवणूक निघते तेव्हाही हाच शब्द ऐकतो. मंजुळे पुढे नागपुरात आले, विजय बारसे सरांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर 'झुंड' केला, २०२२ ला लागला. त्यात जयंतीचा नाच आहे, तोही दणदणीत, संगीत पुन्हा अजय-अतुलचंच. आमच्या वस्तीतल्या पोरांना पडद्यावर आपला नाच पहिल्यांदा आपल्यासारखा दिसला. मोठा आवाज म्हणजे हलकं गाणं, हा निकाल ज्यांच्याकडे शांत दिवाणखाना आहे त्यांनी दिलेला आहे. धरमपेठ काका, राग मानू नका, पण 'ओरडून सांगितलेली नाही' ह्या तुमच्या कौतुकात तोच निकाल आहे.

धरमपेठ:
राग नाही. विचार करायला लावलंत. मात्र दणदणीत असणं हा माझा आक्षेप नाही. भजनी मंडळाची दिंडी दणदणीत असते, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल भागात उभं राहवत नाही इतका दणका असतो, मला दोन्ही आवडतात. माझा आक्षेप असा की ह्या गाण्याला चढल्यावर उतरता येत नाही. पहिल्या कडव्यात जो वेग तोच शेवटी. तरुण प्रेमात भीती असते, तुम्हीच म्हणालात पोटात गोळा येतो. तो गोळा चालीत दाखवा. तो प्रसंगात आहे, कॅमेऱ्यात आहे, गाण्यात नाही.

मेडिकल चौक:
हा आक्षेप जड आहे काका. पण मला वाटतं न उतरणं हाच त्या वयाचा वेग. त्याला पुढचं माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. चालीने आधीच भीती दाखवली असती तर परशा शहाणा ठरला असता.

धुमाल कीबोर्ड:
भाऊ, मी वाजवणारा आहो. तुम्ही सगळे शब्दावर भांडून राहिले, पण धुमालात शब्द असतेतच कुठं? गाणारा नसते. कीबोर्डवर चाल, खाली ढोल-ताशे. नागपुरातल्या निम्म्या लोकायनं हे गाणं माह्यासारख्यायच्या बोटातूनच ऐकलं आहे. म्हणून सरायले गोंगाट वाटला असन तर त्यायची चूक नाही.

काकांले सांगतो, उतार आहे. 'झिंग झिंग' सुरू व्हायच्या आधी चाल जराशी दम घेते. आम्ही वरातीत ते गाळतो, कारण तिथं नाच थांबते अन् पोट्टे ओरडते. रात्री दहाच्या आत बंद करा लागते, म्हणून सारं घाईत. मी स्वतः ते लय दिवस वाजवलं नाही.

अन् ताई, ते कड्याचं मी पण पाहतो. वरून, गाडीवरून सारं दिसते. एखादी पोरगी मधात अडकली दिसली की मी गाणं बदलतो, 'झिंगाट' असो का दुसरं. दोनदा शिव्या खाल्ल्या त्याच्यापायी.

प्रतापनगर:
दादा, हे वाचून बरं वाटलं. खरंच. फेब्रुवारीत माझ्या लहान बहिणीचं लग्न आहे, त्रिमूर्तीनगरला. तिला 'झिंगाट' हवंच आहे, आमचं त्यावरून घरात दोनदा भांडण झालं. तुमचा धुमाल मोकळा असेल तर कळवा. अट एकच, समोर आधी आम्ही बाया नाचणार, आणि तो गाळलेला भाग वाजवायचा.

धुमाल कीबोर्ड:
तारीख सांगा ताई. तो भाग आज रात्री बसवून घेतो.