मदत हवी आहे : आरेतल्या पाड्यासाठी जाळपट्टा

नमस्कार मंडळी. गोरेगाव पूर्वेला राहते. गेल्या आठवड्यात आरेतल्या एका पाड्यामागच्या उतारावर वणवा लागला. माणसं सुखरूप आहेत, पण एका आजींच्या झोपडीची कुडाची भिंत, सरपण आणि कोंबड्यांचं खुराडं गेलं. डिसेंबर 2018 मध्ये दिंडोशीजवळचा डोंगर पेटला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

भिंत आम्ही सातआठ जण दोन रविवारांत उभी करू. कारवी मिळत नाही म्हणून बांबू वापरतोय. माझी अडचण वेगळी आहे. पावसाळ्यापर्यंत गवत वाळतच जाणार, म्हणून घरांभोवती जाळपट्टा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा, काढायचाय. तो नेमका किती रुंद ठेवायचा? उतारावर, खालच्या बाजूला जास्त लागतो ना, आग वर झपाट्याने चढते म्हणून? आम्ही जाळणार नाही, फक्त गवत कापून पाचोळा ओढणार. तरी वनखात्याची परवानगी कोणाकडे मागायची? 1926 ही वनखात्याची हेल्पलाइन माहीत आहे, पण ती वणवा कळवायला. अशा कामासाठी कोणी वापरली आहे का?

आणि कृपया रोपं पाठवू नका! जळालेल्या जागी पळस, साग बुंध्यातून आपणच फुटतात. कोयते, दाताळी, जाड हातमोजे असतील तर मात्र जरूर कळवा.

वणवा विझवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं कोणी आहे का इथे? पाड्यातली पोरं ओल्या फांद्यांनी आग झोडपतात, तीही चपला घालून.