माइनक्राफ्ट: फोनवरचा किल्ला स्विचवर कसा न्यायचा? मदत हवी आहे

मुलीच्या मामाने सिंगापूरहून निन्टेंडो स्विच (गेम खेळायचं यंत्र) आणला आणि त्यावर माइनक्राफ्ट हा ठोकळे रचून आपलं जग उभं करायचा गेमही घेऊन दिला. घरात आनंदीआनंद! पण बाईसाहेबांचं दोन वर्षांचं जग माझ्या जुन्या अँड्रॉइड फोनवर आहे. त्यात तिने दिवाळीच्या किल्ल्यासारखा अख्खा किल्ला रचलाय. बुरूज, तळं, मावळे म्हणून उभे केलेले आर्मर स्टँड, सगळं. (मातीचा किल्ला मात्र यंदा मलाच करावा लागला.)

दोन्हीकडे गेमची बेडरॉक आवृत्तीच (फोन आणि कन्सोलवर चालणारी) आहे. सीड नंबर टाकून पाहिला, तर डोंगर-नदी तीच आली, पण किल्ला गायब. अर्थात, सीडमधून फक्त मूळ जमीन तयार होते. फोनवरून फाइल काढता येते, पण स्विचवर ती टाकायला जागाच दिसत नाही.

रेल्म्सवर (वर्गणी भरून मिळणारी माइनक्राफ्टची ऑनलाइन जागा) फोनमधून जग चढवून स्विचवर उतरवता येतं म्हणे. कुणी स्वतः केलंय का? एक महिन्याची वर्गणी पुरते का? निन्टेंडोची ऑनलाइन मेंबरशिप वेगळी लागते का? दोन्हीकडे मायक्रोसॉफ्टचं एकच खातं आहे.

फोनची बॅटरी फुगायला लागलीये, त्यामुळे जरा घाई आहे.